कोंबडीखाद्यातील प्रथिनांचा हिशेब

चिकनचा भाव चढला की गोव्यात चर्चा होते ती बेळगावहून येणाऱ्या गाड्यांची, सणासुदीच्या मागणीची किंवा उन्हाळ्यातील मरतुकीची. या भावाचे मूळ मात्र बऱ्याचदा त्याहून मागे, सोयाबीनच्या शिवारात आणि तेलगिरण्यांत असते. ब्रॉयलर कोंबडीच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो. या खाद्यात मका ऊर्जा पुरवतो, तर सोयापेंड प्रथिने. दोन किलो वजनाचा पक्षी तयार होईपर्यंत सुमारे ३.३ किलो खाद्य खातो. त्यात जवळजवळ एक किलो सोयापेंड असते. पेंड किलोमागे १० रुपयांनी महागली, तर जिवंत पक्ष्याचा उत्पादनखर्च किलोमागे सुमारे पाच रुपयांनी वाढतो, असा हा साधा हिशेब आहे.

एकाच पिकावर इतके अवलंबून राहण्याची किंमत २०२१ मध्ये कळली. त्या वर्षी सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या आसपास गेले आणि पेंडीचा दर वर्षभरापूर्वीच्या दुपटीहून अधिक झाला. अखेर ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन तेलविरहित पेंड आयात करण्यास परवानगी दिली. पेंडीत सजीव बीज उरत नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. कुक्कुटपालकांना दिलासा मिळाला. पण मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील सोयाबीन उत्पादकांना तो निर्णय आपल्या मुळावर आल्यासारखा वाटला. तीन वर्षांत चित्र पालटले. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना अनेक बाजार समित्यांत सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले.

या घसरणीला एकच कारण नव्हते. जागतिक पुरवठा मुबलक होता, तेलाचे अर्थकारणही होते. त्यांच्या जोडीला एक नवा घटक आला, तो म्हणजे डीडीजीएस. मका किंवा तांदळापासून इथेनॉल बनवल्यानंतर उरणारा हा वाळवलेला चोथा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे धान्याधारित कारखाने वाढले आणि त्यांचा हा चोथा खाद्यबाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. सोयापेंडीपेक्षा तो बराच स्वस्त असल्याने खाद्यनिर्मात्यांनी त्याकडे वळणे स्वाभाविकच होते.

पण प्रथिनाची टक्केवारी पाहून केलेली खरेदी फसवी ठरू शकते. सोयापेंडीत साधारण ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात, मक्याच्या डीडीजीएसमध्ये २६ ते ३० टक्के. वरवर पाहता हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. परंतु पक्ष्याच्या वाढीला हवे असते ते लायसिन हे अमिनो आम्ल. सोयापेंडीत ते तीन टक्क्यांच्या जवळ असते, तर मक्याच्या चोथ्यात जेमतेम ०.८ टक्के, त्यातही वाळवताना जादा उष्णता लागली असेल, तर त्याचा काही भाग पचतच नाही. कमतरता भरून काढण्यासाठी कृत्रिम लायसिन घालावे लागते आणि तेही बहुतांशी आयात होते. म्हणजे परावलंबन संपत नाही, त्याची फक्त जागा बदलते. चोथ्याची जमेची बाजू अशी, की आंबवण्याच्या प्रक्रियेमुळे त्यातील स्फुरद पक्ष्याला सहज उपलब्ध होतो.

याहून गंभीर बाब बुरशीजन्य विषाची आहे. मक्यातील पिष्ट इथेनॉलसाठी निघून गेले, की उरलेले सारे घटक सुमारे तिप्पट दाट होतात. पौष्टिक द्रव्ये दाट होतात, तसे अफ्लाटॉक्सिनही. पावसात भिजलेल्या मक्यापासून आलेला चोथा तपासणीविना खाद्यात गेला, तर पक्ष्याच्या यकृतावर, रोगप्रतिकारशक्तीवर आणि अंड्यांच्या संख्येवर त्याचा परिणाम होतो. तपासलेला चोथा मर्यादित प्रमाणात उपयुक्त आहे. न तपासलेला महागात पडतो.

इतर पर्यायांचीही अशीच चिकित्सा हवी. भुईमूग पेंडीत प्रथिने भरपूर, पण अफ्लाटॉक्सिनचा धोकाही मोठा. सरकी पेंडीतील गॉसिपॉलमुळे अंड्याचा बलक विटतो. मोहरी पेंड कडवट असते आणि तिचे प्रमाण वाढवता येत नाही. मासळीच्या भुकटीत सुमारे ६० टक्के प्रथिने असतात आणि कुंकळ्ळीसारख्या ठिकाणी ती तयारही होते. पण तेथील दुर्गंधीविरुद्ध ग्रामस्थांनी केलेली आंदोलने सर्वांना ठाऊक आहेत. शिवाय माणसाच्या ताटातील स्वस्त मासळी कोंबडीला घालावी काय, हा प्रश्न मत्स्यदुष्काळाची ओरड असलेल्या किनाऱ्यावर टाळता येणार नाही. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांची प्रथिने कोंबडीखाद्यात वापरण्यास युरोपीय महासंघाने २०२१ मध्ये मान्यता दिली. ओल्या कचऱ्यावर वाढणारी ही अळी आकर्षक पर्याय आहे. मात्र सोयापेंडीची जागा घेण्याइतके उत्पादन आणि तेवढा कमी खर्च अजून दृष्टिपथात नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सोयाला पर्याय म्हणजे सोयाची हकालपट्टी नव्हे. पर्याय हवेत ते एका पिकावरील भार थोडा हलका करण्यासाठी. चोथा, मोहरी पेंड, अळी यांनी मिळून सोयाचा काही हिस्सा भरून काढला, तरी भाववाढीचा धक्का सौम्य होईल. हे मिश्रण ठरवताना दर टनाचा नव्हे, तर पचणाऱ्या अमिनो आम्लाचा भाव पाहिला पाहिजे. आणि पेंड स्वस्त ठेवण्याचा बोजा सोयाबीन उत्पादकावर टाकणे हा मार्ग नव्हे. भारतात सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी सुमारे एक टन आहे, ब्राझील आणि अमेरिकेत तीन टनांहून अधिक. पेंड खऱ्या अर्थाने स्वस्त करायची, तर हे अंतर कमी करावे लागेल. २०२५ च्या खरिपासाठी जाहीर झालेला ५,३२८ रुपयांचा हमीभाव प्रत्यक्ष खरेदीविना कागदावरच राहतो.

गोव्यासारख्या लहान राज्याच्या हाती सोयाबीनचा बाजार नाही, पण खाद्याची तपासणी नक्कीच आहे. करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्याला खाद्य कंपनीकडून मिळते. त्यात काय मिसळले आहे, हे त्याला कळत नाही. अंडी विकून घर चालवणारा छोटा पालक दुकानातून पोते आणतो आणि त्यावरील प्रथिनाचा एक आकडा पाहून समाधान मानतो. लायसिन किती, अफ्लाटॉक्सिनची तपासणी केव्हा झाली, हे पोत्यावर छापणे बंधनकारक करावे. पशुसंवर्धन खात्याने जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या मदतीने परवडणाऱ्या दरात नमुना तपासणीची सोय करावी. खाद्य स्वस्त झाले आणि पक्षी आजारी पडले, तर तोटा सर्वांत आधी छोट्या पालकाच्या पदरी पडतो. त्याला निदान आपण काय विकत घेत आहोत, हे कळण्याचा हक्क मिळायला हवा.