'अखंड सौभाग्यवती भव' म्हणण्याआधी

मंडळी, संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू चालणार. आमच्या लोहाऱ्यातही वाणाची खरेदी जोरात आहे. मला मात्र बोलायचंय ते आशीर्वादाबद्दल.

लग्न झालेली पोरगी पाया पडली की आपण म्हणतो, 'अखंड सौभाग्यवती भव'. याचा सरळ अर्थ काय हो? नवऱ्याच्या आधी मर. मागे राहिलीस तर आशीर्वाद फळला नाही, आणि दोष तुझा. 'पांढऱ्या पायाची' ही शिवी याच आशीर्वादाच्या पोटातली. पोराला आपण 'आयुष्मान भव' म्हणतो. बायको गेली म्हणून कुणा माणसाच्या कपाळाचा टिळा पुसलेला मी तरी पाहिला नाही.

इतरत्र हा चर्चेचा विषय असेल, यवतमाळात तो घराघरातला आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी करायला गेलं की नापिकी, थकलेलं कर्ज, पडलेला कापसाचा भाव हे सगळं कळतं. आणि ओसरीवर कुजबुज असते, 'बाईचा पायगुणच तसा.' झालं! बँक सुटली, बाजार सुटला, सरकार सुटलं. सगळं खापर त्या बाईच्या डोक्यावर.

सरकारचा हिशेब निराळाच. २००५ च्या निर्णयाप्रमाणे मदत १ लाखाची. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. सोयऱ्याकडून उसने घेतले असतील तर अपात्र. म्हणजे कागदावर अपात्र आणि गावात अशुभ. आणि फेरफार, पोरांची फी, पुढच्या खरिपाचं बियाणं हे सगळं तिनंच पाहायचं.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं, त्या वादावर मी तेव्हाच लिहिलंय. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या, 'तेरवं' नाटकात काम केलेल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारच दिवसांनी संक्रांत होती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती घरांनी शेजारच्या विधवेला वाण दिलं असेल?

मग ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. दोन आठवड्यांत सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक चांगलंच आहे. पण हळदीकुंकवाचं बोलावणं काही ग्रामसेवक देत नाही.

'आम्ही बोलावतो, त्याच येत नाहीत,' असं एक वहिनी म्हणाल्या. खरं असेलही. पण बोलावून दाराजवळच्या खुर्चीत बसवायचं, कुंकवाची कोयरी तिच्यापुढून सरकवून पुढच्या बाईकडे न्यायची, तर ती कशाला येईल बाप्पा?

रथसप्तमीला अजून दिवस आहेत. ज्यांच्याकडे कार्यक्रम व्हायचाय त्यांनी यादी एकदा पुन्हा पाहा. आणि सुनेला आशीर्वाद द्यायचाच असेल तर 'सुखी राहा' म्हणा. कोण आधी मरावं, ते त्यात येत नाही.