डायपर आणण्याआधी तपासणी

मोठ्यांचे डायपर आता गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळतात. सोय चांगली आहे. पण घरातल्या वृद्धांचा शौचावरचा ताबा सुटला की अनेकदा डॉक्टरांआधी डायपर येतो आणि ‘वय झालं’ म्हणून विषय मिटवला जातो. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. म्हणजे हा प्रश्न थोड्या घरांचा नाही.

ताबा सुटणे हे लक्षण आहे, आजार नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्येच सांगितले, की आधी कारणे शोधा. ती बहुधा एकाहून अधिक असतात. त्यातले सर्वांत फसवे कारण म्हणजे बद्धकोष्ठ. गुदाशयात मळाचा कडक गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना वाटते जुलाब झाले. मग जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते आणि गोळा आणखी घट्ट होतो! हे ओळखायला बहुतेक वेळा डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी पुरते. संकोचापायी नेमकी तीच राहून जाते.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही काहींना पातळ शौचाला होते. मात्र ती गोळी परस्पर बंद करू नये. बाळंतपणात गुदद्वाराच्या स्नायूला झालेली इजा कधीकधी अनेक वर्षांनी त्रास देऊ लागते, म्हणून आजींनाही बाळंतपणाबद्दल विचारावे लागते. कळ येते पण थांबवता येत नाही, की कळायच्या आतच कपडे खराब होतात, हा फरकही डॉक्टरांना सांगावा. त्यावरून दोष कुठे असेल याचा अंदाज येतो. आणि गुडघ्यांमुळे संडासापर्यंत वेळेत पोचताच येत नसेल, तर औषधापेक्षा कमोडची खुर्ची अधिक कामाची.

स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री किंवा गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी या पुढच्या पायऱ्या. साध्या उपायांनी गुण आला नाही किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हा त्या कराव्यात.

शौचातून रक्त, घटणारे वजन किंवा शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल असेल, तर कर्करोग नाही ना, हे आधी पाहिले जाते. कंबरदुखीसोबत अचानक ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, रुग्णालय गाठावे. एरवी आठवडाभराची नोंद लिहून न्यावी: शौच केव्हा, घट्ट की पातळ, कपडे किती वेळा खराब झाले आणि कोणकोणती औषधे चालू आहेत.