तंजावरचे दोन दिवस

शनिवार-रविवार साधून तंजावरला जाणारा मराठी अभ्यासक तेथे बहुधा स्वतःलाच शोधावयास जातो. बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ चा भोसले वंशाचा शिलालेख, सरस्वती महालातील मोडी कागद, दुसऱ्या सरफोजीचा पुतळा. एवढे पाहिले की त्याचे तंजावर संपले. संगीत राहूनच जाते. वस्तुतः एकोजीपुत्र शाहजींनी मराठी नाटके लिहिली, तशी तेलुगूत यक्षगानेही रचली. दरबाराने संगीताला उदार आश्रय दिला हे खरे. परंतु सरफोजीचे निमंत्रण त्यागराजांनी नाकारले, असे परंपरा सांगते, आणि ही गोष्ट आपल्या अभिमानाला सहसा आठवत नाही. त्यागराज राहिले ते सुमारे १३ किलोमीटरवरील, कावेरीकाठच्या तिरुवैयारूस.

तेव्हा दोनच दिवस हाती असतील तर बेत पंचांग पाहून आखावा. पौष वद्य पंचमीस, १८४७ साली दिवंगत झालेल्या त्यागराजांच्या आराधनेला, शेकडो गायक-वादक तेथे एकत्र बसून पंचरत्न कृती गातात: मुलूख तमिळ, शब्द बहुतांशी तेलुगू. ही तिथी शनिवारी येईलच असे नाही. रजा घ्यावी लागली तर घ्यावी (विद्यापीठांतून ती याहून क्षुल्लक कारणांसाठीही मिळते). मोडी कागद पुढल्या खेपेस पाहता येतील.