दुकानाला धूरसूचक किती?

लहान दुकानात धूरसूचक यंत्रे किती बसवावीत, हे केवळ चौरस फुटांवर ठरवू नये. धुराला भिंत व बंद दार अडवते. म्हणून विक्रीचे दालन, पोटमाळा आणि मागील गोदाम यांत छताशी स्वतंत्र यंत्र हवे. चहाची शेगडी असेल तेथे उष्णतासूचक योग्य. बाहेर पडण्याच्या दाराशी हाताने दाबावयाचे एक बटणही असावे. ‘आयएस २१८९’ या भारतीय मानकानुसार आराखडा लेखी मागावा. शटर ओढल्यावर घंटा वरच्या मजल्यावर ऐकू येते का, हे स्वतः तपासावे. विमा मालाची भरपाई देईल. पोटमाळ्यावर निजलेल्या नोकराचे प्राण परत देणार नाही. त्याच्या उशाशी घंटा वाजलीच पाहिजे.