रक्तपिपासूचा ‘मी’ आणि पुरूचे मौन

खुन्याच्या प्रेमात पडणाऱ्या वाचकाची नैतिक संवेदना बधिर झाली आहे, असे ठरवून भयसाहित्याची बोळवण करणे सोयीचे असते. कारण मग संहिता वाचावीच लागत नाही. वाशी-नेरुळच्या एखाद्या महाविद्यालयात ‘ययाति’ अभ्यासणारा आणि परतताना लोकलमध्ये ॲन राइस वाचणारा विद्यार्थी एकच असू शकतो, आणि त्याच्या या दोन वाचनांत काही नाते असेल, ही शक्यताच या भूमिकेत संभवत नाही.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) रोजनिश्या, पत्रे, तारा यांचा ढीग आहे, ड्रॅक्युलाची रोजनिशी तेवढी नाही. राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये (१९७६) लुई हा रक्तपिपासू स्वतःच एका तरुण वार्ताहराला आपली कहाणी सांगतो. हा बदल सर्वज्ञात आहे आणि बहुतेक चर्चा तेथेच थांबतात. वस्तुतः निर्णायक गोष्ट नऊ वर्षांनी घडते. लुईच्या कथनातला लेस्टाट क्रूर व उथळ आहे. ‘द व्हॅम्पायर लेस्टाट’मध्ये (१९८५) तोच लेस्टाट निवेदक होऊन लुईची साक्ष खोडून काढतो. आपण दुर्जनांनाच भक्ष्य केले, लुईला ते उमगलेच नाही, असा त्याचा दावा. वेन बूथने १९६१ मध्ये मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे एका निवेदकापुरती मर्यादित राहत नाही. दोन साक्षीदार परस्परांना खोटे पाडतात आणि निवाडा वाचकावर येतो. लेस्टाट प्रिय होतो तो निर्दोष ठरतो म्हणून नव्हे. त्याचा बढाईखोरपणा त्याच्याच वाक्यांतून उघडा पडतो आणि तो पकडण्याचा आनंद वाचकाला मिळतो. बधिर मनाला हे साधणारे नाही.

मराठी भयकथेने हा मार्ग फारसा चोखाळला नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली, तिच्यात आपण असतो ते ग्रासल्या जाणाऱ्या माणसांच्या बाजूला. समर्थकथांतही सहानुभूती रक्षणकर्त्याकडेच वळवलेली असते. धारपांचे सामर्थ्य वातावरणनिर्मितीत आहे आणि ते मोठे आहे, पण अमंगलाला ‘मी’ म्हणण्याचा अधिकार त्यांनी सहसा दिला नाही. यावरून मराठी वाचकाला सदोष नायकाचा कबुलीजबाब पेलत नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र हास्यास्पद ठरेल. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर दुर्योधनही प्रथमपुरुषात बोलतो, आणि मराठी घरांनी ती कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

त्याहून जवळचा दाखला वि. स. खांडेकरांचा. ‘ययाति’चा (१९५९) नायक पुत्राचे तारुण्य स्वतःच्या भोगासाठी मागतो. सुळे नाहीत, शवपेटी नाही. तरी दुसऱ्याच्या आयुष्यावर जगणारा हा पुरुष स्वतःच स्वतःचे निवेदन करतो, तेही लुईच्या सतरा वर्षे आधी. त्या कादंबरीला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. राजवस्त्रे पांघरलेल्या उपभोक्त्याला वाङ्मय म्हणायचे आणि काळा झगा घातलेल्याला करमणूक, हा निकष वाङ्मयीन नव्हे, पोशाखी आहे.

राइसच्या चाहत्यांनी मात्र यावर खूश होण्याचे कारण नाही. ‘निवेदनाने पात्र मानवी होते’ हे त्यांचे लाडके विधान अर्धेच खरे आहे. निवेदन कोणाला मिळाले, यासोबत ते कोणाला नाकारले गेले, हेही विचारावे लागते. लेस्टाटने ज्यांचे रक्त प्यायले ते दुर्जन होते, हे आपल्याला कोण सांगतो? लेस्टाटच. मृतांची उलटतपासणी होत नाही. लुईला आपली बाजू होती, त्यांना ती नाही. हा दोष मानायचा की आकृतिबंधाची अटळ अट, याची चर्चा व्हायला हवी, आणि ती मराठीत ‘ययाति’पासूनच सुरू करता येईल. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना निवेदक केले. ज्याचे तारुण्य मागितले गेले, तो पुरू त्या तिघांत नाही.