पंधरा वर्षांचा करार परवडतो कुणाला?

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवं मैदान येतं. अमेरिका-कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. तिथल्या संघांनी एकेका खेळाडूशी केलेले बारा-पंधरा वर्षांचे करार वाचले की प्रश्न पडतो, एवढा पैसा एकाच माणसावर लावणं परवडतं का? महिन्याचा खर्च भागवणारी कुठलीही बाई हे विचारणारच!

दोन करारांचा हिशेब मांडून बघू. 2006 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्स संघानं रिक डिपिएत्रो या गोलरक्षकाला 15 वर्षांसाठी बांधून घेतलं. रक्कम 6 कोटी 75 लाख डॉलर! तेव्हा त्याला पंचवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे गुडघ्याची, खुब्याची दुखणी मागे लागली. 2008 ते 2013 या पाच हंगामांत मिळून तो जेमतेम 50 सामने खेळला. एरवी तेव्हा एका हंगामातच 82 सामने असत. अखेर 2013 मध्ये संघानं करार मोडला, पण मोडायलाही पैसे पडलेच. 2029 पर्यंत दरवर्षी 15 लाख डॉलर देणं आलं.

दुसरा करार अलेक्झांडर ओव्हेचकिनचा. 2008 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनं या बावीस वर्षांच्या रशियन पोराला 13 वर्षांचे 12 कोटी 40 लाख डॉलर कबूल केले. त्याच्या नेतृत्वाखाली 2018 मध्ये संघानं पहिल्यांदाच स्टॅनली कप जिंकला. करार 2021 मध्ये संपला, तरी तो त्याच संघात राहिला आणि एप्रिल 2025 मध्ये त्यानं वेन ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला. हा सौदा पै न् पै वसूल झाला.

गंमत म्हणजे सह्या झाल्या तेव्हा दोघंही तरुण, दोघंही गुणी. मोहोर बघून आंब्याच्या बागेचा सौदा करावा, तसंच हे. पाऊस कधी पडेल, कुणी सांगावं?

मग संघ एवढी जोखीम का घेत? 2005 पासून तिथे संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. मर्यादेत पगाराची वार्षिक सरासरी धरतात. शेवटी कमी पगाराची वर्षं जोडली की सरासरी उतरते. इल्या कोवालचुकचा 17 वर्षांचा करार 2010 मध्ये याच कारणानं फेटाळला गेला. करार संपताना तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला असता! 2013 मध्ये मग स्वतःच्या खेळाडूसाठी आठ वर्षांची मर्यादा आली. ती योग्यच झाली, असं मला वाटतं.

पण डिपिएत्रोला फुकटचे पैसे मिळाले, हे काही मला पटत नाही. मुदत संघानं स्वखुशीनं कबूल केली होती. संघाला दुसरा गोलरक्षक मिळतो, खेळाडूला दुसरा गुडघा मिळत नाही. लांबचा करार म्हणजे नुसता पगार नव्हे. शरीर थकलं, मोडलं तर तोटा कुणी सोसायचा, याची ती आधीच केलेली वाटणी असते.

हे सगळं पुरुषांचं झालं. तिथली महिलांची नवी व्यावसायिक लीग जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. किमान पगार ठरला 35 हजार डॉलर, सरासरी 55 हजार. प्रत्येक संघानं निदान सहा जणींशी तीन वर्षांचे करार करायचे, असंही ठरलं. आधीच्या हालाखीपेक्षा हे खूपच बरं. पण बाकीच्या जणींचं काय? बर्फ तोच, धडकून पडणं तेच, दुखापतही तीच.

म्हणून खेळाडू किती महाग, एवढंच विचारून भागत नाही. उद्या ती जायबंदी झाली तर तिच्या घरची चूल कशी पेटणार, याची तरतूद करारात आहे का, हेही आपण विचारायला हवं.