दुसऱ्याचा प्रश्न, प्राध्यापकाचे संशोधन

२००८ साली पुण्यात ज्योतिषांना एक जाहीर आवाहन करण्यात आले. दोनशे मुलांच्या कुंडल्या तयार होत्या. त्यांतली शंभर मुले शाळांनी हुशार म्हणून निवडलेली होती, तर शंभर बौद्धिक अक्षमता असलेली, विशेष शाळांतली. ज्योतिषाने कुंडली पाहायची आणि मूल कोणत्या गटातले ते सांगायचे, एवढेच काम. या चाचणीमागच्या चौघांपैकी जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्राला माहीत आहेत. फलज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडेही अनेकांना माहीत आहेत. चौथे नाव मात्र बातम्यांत मागे राहिले. ते होते सुधाकर कुंटे, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्राध्यापक.

खरे तर चाचणीची सगळी भिस्त त्या चौथ्या माणसाच्या शास्त्रावर होती. कुंडल्यांना सांकेतिक क्रमांक दिलेले होते आणि कोणता क्रमांक कोणत्या गटातला, ही माहिती विद्यापीठात बंदोबस्तात ठेवली होती. प्रयोग करणाऱ्यांना ती कळणार नव्हती, ज्योतिषांनाही नाही. प्रत्येक ज्योतिषाला दोनशेंपैकी चाळीस कुंडल्या यदृच्छेने निवडून पाठवल्या जात. यश कशाला म्हणायचे तेही आधीच ठरवून टाकले होते : चाळीसपैकी किमान २८ उत्तरे बरोबर.

२८ हा आकडा आला कुठून? चाळीस वेळा नाणे उडवून उत्तरे दिली तर सरासरी वीस बरोबर येतात, पण दर वेळी नेमकी वीसच येत नाहीत; कधी सतरा, कधी तेवीस. निव्वळ नशिबाने २८ किंवा अधिक येण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी असते. म्हणून २८ ही रेघ. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी २४ बरोबर उत्तरांची होती. सगळ्यांचे मिळून यश साधारण ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्याही खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

त्या २४ गुणांच्या ज्योतिषाकडे बोट दाखवून ‘एकाला तरी जमले ना’ असे म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी हा हिशेब. २७ माणसांनी कुंडलीकडे न पाहता नुसती नाणी उडवली असती, तरी सरासरीने त्यांतल्या तिघा-चौघांना २४ किंवा त्याहून जास्त गुण पडले असते. एखाद्याने तर २८ची रेघही गाठली असती, अशी शक्यता पाचात एक. ज्योतिषांमध्ये २४ पर्यंत पोहोचला तो एकटाच. २००९ साली हा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. श्रद्धा-अंधश्रद्धेच्या वादात इतकी स्वच्छ मांडणी क्वचित होते. ती झाली, कारण विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने बाहेरचा प्रश्न आपला मानला.

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत प्राध्यापकांच्या नावांपुढे संशोधनाचे विषय छापलेले असतात. संख्याशास्त्र विभागाचे पान उघडले की रिलायबिलिटी थिअरी, नॉन-पॅरामेट्रिक इन्फरन्स, स्टोकॅस्टिक प्रोसेसेस, बेजिअन पद्धती असे शब्द समोर येतात. ते वाचून पालक पुढचे पान उलटतात. हे प्राध्यापक नेमके काय शोधतात, हे समाजाला कोणी नीट सांगितलेलेच नाही आणि त्यात दोन्हीकडचे नुकसान आहे, असे या स्तंभाचे ठाम मत आहे.

पुण्याचेच उदाहरण पुढे नेऊ. विद्यापीठ १९४९चे. १९५३ साली तिथे गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तो उभा करणारे होते वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म कोल्हापूरचा, १९१९चा. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. पुढे केंब्रिजचे अ‍ॅडम्स पारितोषिक आणि १९७४ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. त्यांच्या आवडीचा विषय ‘सफिशियंट स्टॅटिस्टिक’. नाव जड असले तरी मुद्दा साधा आहे. एक नाणे शंभर वेळा उडवले आणि प्रत्येक फेकीत काय पडले ते वहीत लिहिले. नाणे खोटे आहे का हे ठरवायला ती पूर्ण वही लागत नाही. छाप एकूण किती वेळा पडला, एवढा एकच आकडा पुरतो. बाकीची वही फेकून दिली तरी नाण्याबद्दलची काहीही माहिती हरवत नाही. पण दर वेळी असा पुरेसा आकडा सापडतोच असे नाही. तो कधी सापडतो आणि कधी नाही, याच्या अटी शोधण्यात हुजूरबाजारांनी मोलाची भर घातली.

हे वाचून कोणी विचारील, याचा उपयोग काय? ज्योतिषांच्या चाचणीत प्रत्येकाच्या चाळीस उत्तरांचे मिळून ‘किती बरोबर’ एवढ्या एकाच आकड्यावर निकाल लावता आला, त्यामागे याच जातीचा विचार आहे. निव्वळ सिद्धांताचे काम करणाऱ्या प्राध्यापकाला निरुपयोगी ठरवण्याची घाई करणाऱ्यांशी म्हणूनच या स्तंभाचे पटत नाही. त्याच विभागातल्या जयंत देशपांडे यांनी १९८३ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात एक कसोटी मांडली. यंत्र किंवा सुटा भाग वापरून जुना होत जातो तसा तो खरोखर झिजतो आहे, की नव्याइतकाच टणक आहे, हे बिघाडांच्या नोंदींवरून ठरवण्याची ही कसोटी. कारखान्यातला भाग मोडायच्या आधी बदलावा का, हा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. झीज होतच नसेल तर आधी बदलण्यात पैसा वाया जातो.

विभागातून थेट जंगलात गेलेली वाट अनिल गोरे आणि शरयू परांजपे यांची. परिसरशास्त्रातले संख्याशास्त्र हा त्यांचा विषय आणि त्यावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक २००१ साली परदेशी प्रकाशकाने काढले. त्याआधी, १९९३ साली, सहकाऱ्यांसह त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये व्याघ्रगणनेत मोजमापाला काय स्थान असावे यावर लेख लिहिला होता. त्या काळात वाघ मोजले जात ते पंज्याच्या ठशांवरून. वनरक्षक पाणवठ्याच्या, पायवाटेच्या मातीत ठसा शोधायचा, त्यावर काच धरून पेनाने बाह्यरेषा गिरवायचा, कधी प्लास्टरचा साचा घ्यायचा. मग अनुभवी अधिकारी ते ठसे पाहून हा वाघ वेगळा, तो वेगळा असे ठरवीत. माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की पळत, रेषा कोणी काढली, यावर ठसा बदलतो. एकाच वाघाचे दोन झाले किंवा दोघांचा एक झाला, तर ती चूक किती मोठी आहे हे सांगण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

त्याची किंमत देशाने मोजली. २००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर पद्धत बदलली. २००१-०२ च्या गणनेत ३,६४२ वाघ होते. नव्या पद्धतीने २००६ साली अंदाज आला १,४११. पद्धतीच वेगळ्या असल्याने मधल्या काळात उरलेले सगळे वाघ मेले असा याचा अर्थ नाही. आधीचा आकडा कितपत खरा होता, हेच कळायला मार्ग नाही, आणि हे जास्त गंभीर आहे.

आता झाडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. पहिल्या फेरीत वीस वेगवेगळे वाघ टिपले गेले, दुसऱ्या फेरीत पुन्हा वीस, आणि त्यांतले दहा आधीच ओळखीचे निघाले असे समजा. म्हणजे पहिल्या फेरीने जंगलातले निम्मे वाघ टिपले होते, तेव्हा एकूण सुमारे चाळीस. पण यामागे गृहीतके आहेत. दोन फेऱ्यांमध्ये वाघ आत आले नाहीत की बाहेर गेले नाहीत, आणि कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता सगळ्यांची सारखी आहे. बुजरी वाघीण वाट टाळत असेल तर? तिचा हिशेब कसा धरायचा, हे प्राध्यापकाचे संशोधन. जंगलातून आलेल्या प्रश्नाने सिद्धांतालाही पुढे ढकलले आहे.

आणखी एक जुना वाद शेतातला आहे. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आले आणि कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. शेतातला लहानसा तुकडा कापून सगळ्या शिवाराचा उतारा ठरवायचा, तर तो तुकडा केवढा घ्यायचा? बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस फार लहान तुकडे घेत होते. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की लहान तुकड्यावरून उतारा फुगलेला येतो. तुकडा आखणाऱ्या दोरीच्या नेमके खाली आलेले रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. एक मीटरच्या चौरसात दर चौरस मीटरला चार मीटर कड येते. १० बाय ५ मीटरच्या तुकड्यात फक्त ६० सेंटिमीटर. कड जितकी जास्त, तितकी ही चूक मोठी.

आज महाराष्ट्रातल्या पीकविम्यात महसूल मंडळाचा उतारा ठरवायला पीक कापणी प्रयोग लागतात. उतारा कागदावर फुगला की तुटीची रक्कम आटते आणि शेतकऱ्याच्या खात्यात त्या मानाने कमी पैसे पडतात. मंडळात किती शेते निवडली, ती कशी निवडली, दोरी कोणी धरली, हे प्रश्न कोणत्याही अवघड प्रमेयाइतकेच संशोधनाला योग्य आहेत. ते राज्यातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या विषयांच्या यादीत ठळकपणे दिसायला हवेत.

ते का दिसत नाहीत, याचे एक कारण मोजपट्टीत आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंधाला गुण, पुस्तकाला गुण. सल्लागारीलाही गुण होते, पण तिच्यातून किती लाख रुपये आले यावर. कुंडल्यांची चाचणी आखून देणारा, वनखात्याला मोजणी समजावणारा, तहसीलच्या कर्मचाऱ्यांना तुकडा आखायला शिकवणारा प्राध्यापक त्या मोजपट्टीवर जवळपास शून्य भरत असे. तरुण अध्यापकाने मग काय निवडावे? तो निबंधाकडे वळला तर दोष त्याचा नाही. विद्यापीठांना हे आपल्या पातळीवर बदलता येईल : आखलेली पाहणी, सोडवून दिलेला प्रश्न, सरकारला दिलेला सल्ला यांची नोंद संशोधन म्हणून व्हावी आणि बढतीच्या मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारले जावेत.

दुसरी बाजू प्रश्नवाल्यांची आहे. साखर कारखाना, रुग्णालय, नगरपालिका, स्वयंसेवी संस्था हे सगळे आकडे गोळा करतात आणि अडले की मग संख्याशास्त्रज्ञ शोधतात. तोवर प्रश्नावली भरून झालेली असते, नमुना कसातरी निवडलेला असतो आणि ती चूक कोणत्याही सूत्राने भरून येत नाही. पुण्यात, मुंबईत, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, जळगावात, छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात संख्याशास्त्राचे विभाग आहेत. पुढची पाहणी हाती घेणार असाल, तर पहिला फॉर्म छापायच्या आधी तिथे जा, प्रश्न साध्या मराठीत सांगा आणि नमुना त्यांच्याकडून आखून घ्या.